खाण येण्याआधी विहीर मोजा

गावातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आला आहे तो असा: ‘किनवट तालुक्यातलं आमचं गाव, शेजारी एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि दोन तांडे. पंधरा दिवसांपासून गायरानाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या हद्दीलगत ड्रिलिंगची मशीन उभी आहे. धातूचं खनिज शोधताहेत, एवढंच कळलं. पोरं म्हणतात मशीन हाकलून लावू. काही जण म्हणतात, नोकऱ्या येतील, गप बसा. आमच्या विहिरी आधीच मार्चपर्यंत कशाबशा टिकतात. खाण झाली तर पाण्याचं काय होईल, आणि आम्ही आत्ता नेमकं काय करावं?’

सर, आधी मशीनचं सांगतो, कारण घाई तिथंच होते. हाकलू नका. भोक पाडलं म्हणजे खाण आली असं होत नाही. शोध घेतलेल्या बहुतेक जागा खाणीपर्यंत पोचतच नाहीत. पोरांनी मशीनवर दगड टाकला, तर मात्र सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नक्की लागतो. मग पुढची दोन वर्षं गाव पाण्याचं सोडून जामिनाच्या तारखांवर फिरतं. हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

त्याऐवजी चौघंजण जा, सोबत ग्रामसेवकाला घ्या, आणि कागद मागा. काम कोणाचं आहे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं, की एखाद्या खासगी संस्थेचं? जागेवर कागद दाखवला नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. तीनच गोष्टी विचारा: खनिज कोणतं, शोध कोणत्या टप्प्यावर आहे, आणि ब्लॉकची, म्हणजे खनिजासाठी आखलेल्या तुकड्याची, हद्द नकाशावर कुठून कुठपर्यंत आहे. टप्प्याचं विचाराच. सरकारी भाषेत जी-४ म्हणजे अगदी वरवरची चाचपणी आणि जी-१ म्हणजे सविस्तर मोजमाप. लोकांना वाटतं, जी-४ आहे म्हणजे खाण अजून फार लांब आहे. पण आताच्या नियमांत जी-४ पातळीवरच ब्लॉकचा लिलाव होऊ शकतो. घेणारा पुढचा शोध स्वतः करतो आणि मग त्यालाच खाणपट्टा मिळतो. म्हणून टप्पा कळला की तुमच्या हातात किती वेळ आहे, हेही कळतं.

आता पाणी. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात धातूची खाण कुणी शोधत नाही. म्हणूनच आपल्याकडे खाण म्हटलं की डोळ्यांपुढे खडीची खदान नाहीतर गोदावरीतली वाळू येते. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, किनवट, देगलूर, बिलोली या अंगाला, काळा पाषाण संपतो आणि त्याच्या खालचा ग्रॅनाइट आणि पट्टेदार नीस उघडा पडतो. तो खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. धातूचा शोध अशा जुन्या खडकात चालतो. आणि या खडकाचं पाणी काळ्या पाषाणापेक्षा वेगळं वागतं.

त्यात पाणी दोन मजल्यांवर असतं, असं समजा. वरचा मजला म्हणजे खडक कुजून झालेला मुरूम. तुमच्या जुन्या विहिरी यातच आहेत. पावसाळ्यात तो भरतो आणि उन्हाळ्यात संपतो. खालचा मजला म्हणजे कातळातल्या भेगा. बोअर लागला तर या भेगेत लागतो, चुकला तर शेजारी वीस फुटांवरही कोरडा जातो. हे तुम्हाला मी सांगायला नको, बोअर घेऊन कर्जात गेलेली चार घरं तुमच्याही गावात असतील. उघडी खाण हे दोन्ही मजले एकाच वेळी कापते. मुरमाचा थर तर काढूनच टाकायचा असतो, कारण खाणवाल्याच्या हिशेबात ती माती. भेगा सुरुंगाने काही बुजतात, काही रुंदावतात. कोणती बुजेल आणि कोणती फाकेल, हे आधी छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की तो गावातली सगळ्यात मोठी विहीर होतो. तळात काम करायचं तर तळ कोरडा हवा, म्हणून रात्रंदिवस उपसा. मोठ्या विहिरीभोवती पाण्याची पातळी कढईसारखी खोलगट होते. इथं कढई मोठी, आणि तुमच्या आमच्या विहिरी तिच्या काठावर. कढई किती लांब पसरेल हे भेगांवर ठरतं, म्हणून कुणी ‘पाचशे मीटरच्या बाहेर काही होत नाही’ असं ठासून सांगितलं तर त्याला मोजमाप मागा. गोव्यात लोहखनिजाच्या खाणी पातळीच्या कितीतरी खाली गेल्या. तिथल्या गावांनी विहिरी आणि झरे आटताना पाहिले, आणि पावसाळ्यात खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवरून वाहून आलेला लाल गाळ भातखाचरांत बसताना पाहिला.

एक आकडेमोड करून बघा, शाळेत पोरांकडूनही करून घेता येईल. दहा हेक्टरचा खड्डा आणि वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरा. नुसतं आभाळातून त्या खड्ड्यात पडलेलं पाणी होतं ९ कोटी लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने वर्षाला लागतं सुमारे ४ कोटी लिटर. म्हणजे गावाचं दोन वर्षांचं पिण्याचं पाणी एका पावसाळ्यात त्या खड्ड्यात जमतं. ते उपसून कुठल्या नाल्यात सोडणार, गाळासकट की गाळ बसवून, हा प्रश्न भूजलाच्या उपशाच्याही आधीचा. सिंधुदुर्गातल्या कळणे गावात जुलै २०२१ मध्ये खाणीत साठलेलं पाणी फुटून चिखलासकट खाली घरांत आणि बागायतीत घुसलं होतं.

पण एक सांभाळा. सगळ्या खाणींना एकच शिवी देऊ नका. गंधकयुक्त खनिज असेल, म्हणजे तांबं, जस्त, काही ठिकाणी सोनं, तर पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवेत उघडा पडून पाणी आम्लयुक्त होतं आणि त्यात धातू विरघळतात. ती भीती खरी आहे. लोखंडाचं ऑक्साइड खनिज असेल, तर आम्लापेक्षा गाळ आणि उपसा हे मोठे प्रश्न. एका सुनावणीत आमच्याच बाजूचा एक कार्यकर्ता लोहखनिजाच्या खाणीबद्दल सायनाइडवर दहा मिनिटं बोलला. सायनाइड लागतं सोन्याला. समोरच्या सल्लागाराने हसून ते खोडलं, आणि त्यानंतर आम्ही गाळाबद्दल खरं बोललो तेही कुणी मनावर घेतलं नाही.

आता माझी फजिती सांगतो, कारण त्यातूनच मी शिकलो. खूप वर्षांपूर्वी जालना आणि परभणीच्या मधल्या एका गावात खडीची खदान खोल गेली आणि उताराच्या अंगाच्या विहिरी आटल्या. मी भूजलाचा माणूस म्हणून लोकांच्या बाजूने तहसीलला गेलो. एक शेतकरी उभा राहिला, म्हणाला, ‘साहेब, आमची विहीर बहात्तरलासुद्धा आटली नव्हती.’ खोटं नव्हतं ते. पण खदानवाल्याच्या माणसाने त्या वर्षीच्या पावसाचा आकडा पुढे ठेवला, सरासरीपेक्षा कमी. साहेबांनी लिहिलं, ‘पर्जन्यमान कमी असल्याने पाणीपातळीत घट.’ मी तज्ज्ञ म्हणून उभा, आणि माझ्याकडे खदान सुरू होण्याआधीचा एकही आकडा नाही. मला तेव्हा राग साहेबाचा आला होता. आता वाटतं, त्याने दुसरं काय लिहायला हवं होतं?

त्या प्रकरणात पुढे थोडं सावरलं, ते एका मोटार उतरवणाऱ्या मिस्त्रीमुळे. पंचक्रोशीतल्या सगळ्या बोअरच्या मोटारी तोच काढायचा, तोच सोडायचा. मजुरी पाइपावर, म्हणून किती पाइप सोडले ते तो वहीत लिहायचा, तारखेसकट, कारण निम्मं काम उधारीवर. ती वही लाल कपड्यात गुंडाळून पानाच्या डब्याखाली ठेवलेली. काढून पाहिली तर एका बोअरपुढे आधी ‘१२ पाइप’, दोन वर्षांनी त्याच बोअरपुढे ‘१५ पाइप’. पाइप वीस फुटी, म्हणजे मोटार साठ फूट खाली गेली. आम्ही खदानीच्या उताराचे बोअर एका बाजूला आणि ओढ्यापलीकडचे दुसऱ्या बाजूला लिहिले. पाऊस दोन्हीकडे तोच. ओढ्यापलीकडे एकाही बोअरला पाइप वाढवावा लागला नव्हता. त्या एका कागदापुढे ‘पर्जन्यमान कमी’ हे उत्तर चालेना. खदान कायमची बंद झाली असं मी म्हणणार नाही. पण खोली वाढवायची परवानगी अडली आणि गावाला टँकर मिळाला.

तेव्हापासून मी कुठल्याही गावात गेलो की आधी असा मिस्त्री शोधतो. तुमच्याकडेही असेल.

पण उधारीच्या वहीवर विसंबू नका, तुमची स्वतःची वही काढा. आणि आत्ता काढा, खाण नाही तोवर. खाण सुरू झाल्यावर घेतलेला पहिला आकडा हा मुळात दुसरा आकडा असतो, आणि पहिला नसला की दुसऱ्याला किंमत नाही. ब्लॉकच्या हद्दीभोवतीच्या सगळ्या विहिरी घ्या. शिवाय नाल्यापलीकडच्या, खाणीचा संबंध पोचणार नाही अशा चार-पाच विहिरी मुद्दाम घ्या, तुलनेसाठी. या चार-पाचच सुनावणीत तुम्हाला वाचवतील. प्रत्येक विहिरीच्या काठावर ऑइलपेंटची एक खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. एकदा कठड्यावरून आणि एकदा जमिनीवरून मोजलं की दोन फुटांचा घोळ होतो. साध्या टेपला जड नट बांधा. मोजायचं पहाटे, मोटारी सुरू होण्याआधी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिला आपण जीएसडीए म्हणतो, तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. तुम्ही दर महिन्याला मोजा, पण हे चार महिने चुकवू नका, म्हणजे तुमचा आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवता येईल.

पातळीइतकीच मोलाची एक गोष्ट लोक लिहीतच नाहीत: विहीर किती तासांत उपसते आणि किती तासांत परत भरते. पातळी पावसाने वरखाली होते. भरण्याचा वेग झऱ्याचं सांगतो. झरा तुटला तर आधी तिथं कळतं.

पाण्याची तपासणीही आत्ताच करून ठेवा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. गावातल्या ज्या बायकांना जलजीवनमध्ये तपासणीचा संच वापरायला शिकवलंय, त्यांना हाताशी घ्या, पण धातूंसाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. आणि फ्लोराइड विसरू नका. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात ते नवं नाही. ग्रॅनाइटच्या भेगांमधून येणाऱ्या खोल पाण्यात ते जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. ही गोष्ट खाणीच्या चर्चेत कुणी काढत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. खाणीमुळे उथळ विहिरी आटल्या की प्रशासन काय देतं? खोल बोअर. लोक म्हणतात, चला, पाण्याची सोय झाली. वरच्या मजल्याचं बरं पाणी गेलं आणि खालच्या मजल्याचं फ्लोराइडचं पाणी हंड्यात आलं, हे कळायला पाच-सात वर्षं जातात, पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसेपर्यंत. तोवर खाणीचा आणि दातांचा संबंध जोडणारा कागद कुणाकडेच नसतो. आत्ता करून ठेवलेली पाण्याची तपासणी हाच तो कागद आहे.

वही झाली की ती ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावात ‘वाचून कायम’ असं लिहून घ्या, आणि प्रत जीएसडीएच्या नांदेड कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेलं पत्र पाठवलं काय आणि न पाठवलं काय, सारखंच.

कायद्याचं थोडक्यात, कारण त्यासाठी वकील लागेलच. तुमचं गाव किनवटच्या अनुसूचित क्षेत्रात येत असेल, तर पेसा लागू, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. पण पेसाबद्दल दोन गैरसमज फार आहेत. एक, ‘ग्रामसभा नाही म्हणाली की खाण थांबली.’ परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे ती गौण खनिजाला: मुरूम, दगड, वाळू. लोखंड किंवा बाकीच्या प्रमुख धातूंना ते कलम तसं लागत नाही. भूसंपादनाआधी सल्लामसलत मात्र लागते. दुसरा गैरसमज, ‘ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची सभा.’ पेसात पोड, पाडा, तांडा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून स्वतःची ग्रामसभा भरवू शकतात. तुमच्या कोलाम पोडाने हे केलं नसेल तर आधी ते करा. मोठ्या गावाच्या सभेत पोडाचा नाईक मागच्या रांगेत बसतो आणि बोलत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

जंगलजमीन असेल तर वनहक्क कायदा, २००६ जास्त कामाचा. त्याच्या पाचव्या कलमात पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला शब्दशः दिलेला आहे. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर नसेल तर तो आधी दाखल करा. शिवाय कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक जमात. तिला पर्यावास हक्काचा, म्हणजे पिढ्यान्पिढ्या राहत आलेल्या सगळ्या परिसरावरच्या हक्काचा, दावाही करता येतो. ओडिशातल्या नियमगिरीत १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हणाल्या. तिथं डोंगराच्या माथ्याचा बॉक्साइटचा थर पाऊस शोषून झऱ्यांना वर्षभर पाणी देतो, हे डोंगरिया कोंध लोकांना माहीत होतं, आणि तो डोंगर त्यांचा देवही होता. मात्र बारा सभा भरवल्या की खाण थांबली, असं गणित इथं लगेच मांडू नका. त्यांच्यामागे दहा वर्षांचं काम होतं. वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. घरोघरी फिरवून गोळा केलेल्या सह्यांची सभा कोर्टात टिकत नाही.

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधीच्या जनसुनावणीची वेळ आली तर तिच्यावर बहिष्कार टाकून घरी बसू नका. भावना कळते. पण सुनावणीला कोरमच लागत नाही, तुम्ही गेला नाहीत तरी ती ‘झाली’ असं लिहिलं जातं. तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, खाणीच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. सारांशावर थांबू नका, मूळ अहवाल मागा आणि पाण्याचं प्रकरण आधी उघडा. पाहणी बहुतेकदा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असते, दहा किलोमीटरच्या परिघात निवडक विहिरी. तुमची दोन वर्षांची वही त्या एका हंगामाशेजारी ठेवली की सल्लागाराला उत्तर द्यावं लागतं. कधीकधी तर अहवाल तुमच्या गावाचाच नसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर सापडला होता. गावांची नावं, ओढ्यांची नावं, झाडांची नावं तपासा. तुमच्या शिवारात नसलेलं झाड सापडलं तर ते आधी सांगा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, ते होईपर्यंत कुणी उठू नये. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात तीस दिवसांत अपील करावं लागतं. उशिराचं कारण पटलं तर आणखी साठ. त्यापुढे दार बंद.

यातही एक पेच आहे, म्हणूनच मघाशी खनिज कोणतं ते आधी विचारायला सांगितलं. सप्टेंबर २०२५ पासून लिथियम, दुर्मीळ मृदा धातू, व्हॅनेडियम अशा ‘महत्त्वाच्या’ यादीतल्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट त्या यादीत नाहीत. तुमचं खनिज यादीतलं निघालं तर सुनावणीची वाट बघण्यात अर्थ नाही, सगळा भार वनहक्कावर आणि भूजलावर टाका. भूजलाला ती सूट नाही. खाणीतून भूजल उपसायचं तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ना-हरकत घ्यावी लागते.

नोकऱ्यांचं म्हणणाऱ्यांशी भांडू नका. ज्याच्या दोन एकरात कापूस येत नाही आणि ज्याचा पोरगा हैदराबादला बांधकामावर आहे, त्याला ‘निसर्ग वाचवा’ म्हणून गप्प करणं बरोबर नाही. त्याला एवढंच विचारा: पोकलेन, डंपर चालवायला माणूस आपल्यातला घेतील का? मी पाहिलेल्या ठिकाणी गावाच्या वाट्याला वॉचमनची पाळी आणि रस्त्यावर पाणी मारायचा टँकर आला. क्वचित दोन-चार पोरं ऑपरेटर झाली, तेही खरंय, आणि ते लपवू नका. त्या माणसाच्या विहिरीचं नावही वहीत घाला. पाणी गेलं तर भरपाई मागायला त्यालाही तोच आकडा लागणार आहे. गाव एकमताचं नसलं तरी वही एकमताची असू शकते, हा माझा अनुभव.

आणि मशीनजवळ पोरांना पाठवाच, पण वही घेऊन. ड्रिलिंगला पाणी लागतं. ते भोकात सोडतात आणि ते गढूळ होऊन वर येतं. मध्येच कधी ते वर यायचं थांबतं, सगळं पाणी खाली कुठंतरी गायब होतं. तिथं भेग आहे. ड्रिलर शिव्या देतो, कारण त्याचा टँकर वाया गेला. तुमच्यासाठी मात्र ती जागा म्हणजे फुकटात मिळालेला भूजलाचा नकाशा. किती फुटांवर पाणी गेलं, कोणत्या तारखेला, आणि त्याच दिवशी जवळच्या कुठल्या विहिरीचं पाणी गढूळ झालं का, एवढं लिहून ठेवा. काम संपल्यावर भोक नीट बुजवलं की नुसता दगड ठेवून गेले, त्याचा फोटो घ्या. उघडं भोक राहिलं तर वरचं आणि खालचं पाणी तिथंच मिसळतं. ड्रिलर बहुतेक परराज्यातला असतो, तंबूत एकटा, दिवसभर कुणी बोलायला नसतं. चहा घेऊन गेलात तर तो खोली स्वतःहून सांगतो. ती लपवायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.